घरी टेबल बनवताय? सामान घेताना या चुका टाळा

कामाचं पहिलं टेबल घरी बनवलं तेव्हा सनमायकाचा रंग ठरवण्यात मी दोन तास घालवले आणि त्याखालचा बोर्ड मात्र दुकानात समोर उभा होता तोच उचलला. १२ मिमीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), पाच फूट लांब, आधार फक्त दोन टोकांना. गणपतीत बनवलेलं टेबल, दिवाळीपर्यंत त्याला असा झोळ पडला की कडेला ठेवलेली पेन्सिल घरंगळत मधोमध येऊन थांबायची.

चूक जाडीची होती. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १२ ऐवजी १९ मिमी घेतली की ती जवळपास चौपट ताठ होते. लांबीचा हिशेब उलटा आहे: चार फुटांचं पाच फूट केलंत की मध्ये ठेवलेल्या त्याच वजनाने फळी जवळजवळ दुप्पट वाकते. तेव्हा १८-१९ मिमीच्या खाली उतरू नका. चार फुटांपेक्षा लांब टेबल हवं असेल तर पुढच्या आणि मागच्या कडेखाली तीन इंची लाकडी पट्टी मारा. आडवी नव्हे, उभी. झोळ आधीच पडला असेल तर फळी पालथी करून, फुगवटा वर ठेवून बसवा आणि खालून एक इंची चौकोनी लोखंडी पाइप स्क्रूने आवळा. माझं टेबल असंच वाचलं.

‘प्लाय म्हणजे प्लाय’ ही दुसरी चूक. एमआर म्हणजेच कमर्शियल प्लाय दमट हवा सोसतो, पाणी नाही. आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) हा मरीन, म्हणजे पाणी सोसणारा प्लाय. कोरड्या खोलीतल्या टेबलासाठी मरीन घेणं म्हणजे उगाच पैसे घालवणं; खिडकीतून पावसाची झड आत येत असेल तर गोष्ट वेगळी. बिलावर काय लिहिलंय ते राहू द्या, बोर्डावरचा शिक्का वाचा. कापलेल्या कडेकडे नीट बघा, थरांमध्ये फटी दिसल्या तर तो बोर्ड परत ठेवा. वरून नाण्याने ठोकत गेलात तर पोकळ जागी आवाज बदलतो.

एमडीएफ वाईट नाही. रंग द्यायला त्याच्याइतका गुळगुळीत बोर्ड नाही. पण त्याची उघडी कड पाणी पिते, आणि एकदा फुगलेली कड वाळली तरी पूर्ववत होत नाही. तेवढा भाग कापून लाकडी पट्टी चिकटवणं हाच इलाज. कडेतून स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर बोर्ड उभा चिरतो.

ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या, वरखाली पातळ थर असलेला बोर्ड) घेतलात तर आतल्या पट्ट्या टेबलाच्या लांबीला समांतर ठेवून कापा.

सनमायका फक्त वरच्या बाजूला लावून पैसे वाचवू नका. उघडी राहिलेली खालची बाजू पावसाळ्यात ओल धरते, वरची धरत नाही, आणि फळीला बाक येतो. खाली साधा, स्वस्त लॅमिनेटही चालतो.

आणि कटिंगचं माप. आठ बाय चारचा बोर्ड १२२० मिमी रुंद असतो, त्यातून ६१० च्या दोन फळ्या कागदावरच निघतात. करवत दर कापाला तीनेक मिमी खाते. मी बरोब्बर ६१० लिहून दिलं होतं; दुसरी फळी लोखंडी चौकटीवर ठेवली तर एका बाजूने चौकटीची कड डोकावत होती. तिला आता बीडिंग (बारीक लाकडी पट्टी) मारून झाकलंय.