आधी झोप, मग पाळणे

थीम पार्कला जायचं ठरलं की माझ्या ताईकडे सगळे पार्कचा नकाशा उघडून बसतात. मी आधी एकच प्रश्न विचारतो: "धाकटा सध्या दुपारी किती वाजता झोपतो?" मी या घरातला मामा. उंच, उलटे, पोटात गोळा आणणारे पाळणे मलाच सगळ्यात जास्त आवडतात, आणि म्हणूनच भाच्याच्या झोपेचा हिशेब मी ठेवतो. मूल वेळेवर झोपलं तर मोठ्यांना दीड-दोन तास मोकळे मिळतात. नाही झोपलं, तर संध्याकाळी पाचनंतर कोणालाच काही मिळत नाही, तिकीट कितीचंही असो.

भाची सव्वातीन वर्षांची, भाचा दीड वर्षाचा. म्हणजे झोपेच्या बाबतीत दोघं दोन टोकांना. खाली जे लिहितोय ते या दोघांच्या मागे स्ट्रोलर ढकलून जमवलेलं आहे.

जायच्या आधीचा आठवडाभर फक्त नोंद ठेवा. सकाळी मूल किती वाजता उठलं, दुपारी डोळे चोळायला कधी लागलं, झोपलं कधी, उठलं कधी. फोनवर चार आकडे टिपायचे, बस. "साधारण एकच्या सुमारास झोपतो" यावर विसंबू नका. सुमार फार फसवा असतो. आमच्याकडे ताई एक म्हणायची, दाजी दोन म्हणायचे, आणि नोंदीत निघाले साडेबारा. पार्कात त्या अर्ध्या तासावर सगळं अवलंबून असतं.

ढोबळ मापं माहीत असली की नोंद वाचता येते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 साली दिलेल्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची झोप धरून, 11 ते 14 तास झोप लागते आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. बहुतेक मुलं साधारण 12 ते 18 महिन्यांच्या दरम्यान दिवसातल्या दोन झोपांवरून एका झोपेवर येतात. ती एक झोपही पुढे तिसऱ्या ते पाचव्या वर्षांच्या दरम्यान कधीतरी सुटते. तुमचं मूल नेमकं दोनावरून एकावर येत असेल, तर शक्य असल्यास सहल महिनाभर पुढे ढकला. त्या काळात मुलालाच कळत नसतं आपल्याला कधी झोपायचंय, तर मामाला काय कळणार!

एका झोपेवर आलेलं मूल सकाळी उठल्यापासून पाच-साडेपाच तासांनी पेंगायला लागतं. म्हणजे सातला उठलं तर बाराच्या पुढे. मुलाने कुरकुर सुरू केली की मग झोपवू, असं बरेच जण करतात. कुरकुर सुरू होते तोवर वेळ निघून गेलेली असते. त्या आधीच्या खुणा बारीक असतात: बोलणं कमी होतं, नजर एका जागी लागते, कान ओढला जातो, हातातली वस्तू उगाच खाली टाकली जाते. भाचा पेंगुळला की स्वतःच्या बुटांशी खेळायला लागतो. बुटाला हात गेला की आम्ही रांग सोडतो, कितीही पुढे असलो तरी. ही वेळ हुकली की मूल झोपत नाही, चेकाळतं. हसतं, पळतं, लोळण घेतं. मोठ्यांना वाटतं, अरे वा, आज ताजंतवानं आहे! अर्ध्या तासाने काय होतं ते शेजारच्या रांगेतल्यांनाही ऐकू जातं.

"दमलं की कुठेही झोपेल" हे वाक्य प्रत्येक सहलीत कोणीतरी म्हणतंच. आमच्याकडे ते काम दाजींकडे आहे. फार लहान बाळ कुठेही झोपेल, खरं आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मात्र समोरचं सगळं कळत असतं आणि त्यातलं काहीही सोडायचं नसतं. त्याला झोप येण्यासाठी अंगातला थकवा पुरत नाही, आजूबाजूचं सगळं कंटाळवाणंही व्हावं लागतं. पार्क तर नेमकं याच्या उलट कामासाठी बांधलेलं असतं.

आता दिवस आखायचा. कागदाच्या मधोमध झोपेचे दोन तास लिहा आणि दोन्ही बाजूंना पसरत जा. आधीचा तास जेवणाचा आणि शांत होण्याचा, त्याच्याही आधीची सकाळ मुलांच्या राइड्सची. सकाळ लहान मुलांना द्यायची याला दोन कारणं. एक तर पार्क उघडल्यावरचा पहिला तास-दीड तास रांगा सगळ्यात छोट्या असतात. दुसरं, गर्दी त्या वेळी मोठ्या रोलर कोस्टरकडे धावते, त्यामुळे छोट्यांचा भाग आणखीच मोकळा मिळतो. अकरा ते तीन-चारपर्यंत रांगा फुगतात, ऊनही चढतं. म्हणजे पार्कातला सगळ्यात वाईट वेळ आणि मुलाच्या झोपेची वेळ एकच. निसर्गाने आपल्यावर केलेला हा एक छोटा उपकार समजा.

झोपवायचं कुठे, यासाठी तीन मार्ग आहेत आणि माझं मत सरळ आहे. मुक्काम पार्कपासून वीसेक मिनिटांत असेल तर खोलीवर परत जा. अंधार, पलंग, थंड हवा. मूल पूर्ण झोपतं आणि मोठ्यांच्याही पाठीला आराम मिळतो. त्याआधी दोन गोष्टी तपासा. तिकिटावर त्याच दिवशी पुन्हा आत येता येतं का (सगळीकडे येत नाही, आणि काही ठिकाणी बाहेर पडताना शिक्का किंवा पट्टी घ्यावी लागते), आणि दारापासून पलंगापर्यंत खरोखर किती वेळ लागतो. नकाशावरची वीस मिनिटं म्हणजे गाडीची वीस मिनिटं. गेटपर्यंतची चाल, वाहनतळ, लिफ्ट हे सगळं धरून ती पाऊण तास होतात. पाऊण तासाच्या वर जात असेल तर हा मार्ग सोडा. कारण मग खरा धोका येतो तो गाडीतल्या डुलकीचा. मूल गाडीत दहा मिनिटं झोपतं, खोलीवर उचलून नेताना जागं होतं, आणि तेवढ्या डुलकीने झोपेचा जोर असा काही उतरतो की पुढचे दीड तास ते पलंगावर उड्या मारतं. सकाळी पार्ककडे जातानाही हीच काळजी घ्यायची. आमच्या गाडीत सकाळी मी मागे बसतो ते फक्त भाच्याला जागं ठेवायला. गाणी, खिडकीबाहेरच्या गाड्यांचे रंग, नाक ओढणं, काहीही चालतं.

दुसरा मार्ग स्ट्रोलरमधली झोप. जास्तीत जास्त कुटुंबं हेच करतात, त्यामुळे याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

स्ट्रोलर असा घ्या की पाठ जवळजवळ आडवी होईल आणि छत पार पुढे ओढता येईल. छत्रीसारखा मिटणारा हलका स्ट्रोलर विमानाला बरा, झोपेला नाही; मान एका बाजूला लोंबकळते आणि मूल वीस मिनिटांत उठतं. पार्कातले भाड्याचे स्ट्रोलर बहुधा कडक प्लास्टिकचे असतात, बसायला ठीक. स्वतःचा नेणार असाल तर पार्कचे नियम वाचा. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत 2019 पासून 79 सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा 132 सेंटिमीटरपेक्षा लांब स्ट्रोलर आत नेता येत नाही, आणि ओढायच्या चारचाकी वॅगनही चालत नाहीत. जोड-स्ट्रोलरवाल्यांनी टेप घेऊन मोजावं. झोपलेल्या मुलाचा पट्टा सोडू नका. आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर स्ट्रोलरमधली झोप ही प्रवासापुरती सोय समजा. त्याची खरी जागा सपाट अंथरुणावर.

जागा सकाळीच हेरून ठेवा. झोपेच्या वेळी शोधायला निघालात तर संपलं. मला हवा असतो एक लांब, सावलीतला, सपाट रस्ता, जिथे जवळ कोस्टर नाही, मिरवणुकीची वाट नाही आणि लाउडस्पीकर नाही. असा रस्ता बहुधा दोन विभागांच्या मधे किंवा पार्कच्या कडेला सापडतो. बाळांसाठी वेगळी खोली असते तिथेही विचारा. डिस्ने पार्कांत बेबी केअर सेंटर असतात, इतर मोठ्या पार्कांतही तशी सोय दिसते. झोपायला खोली देतील असं नाही, पण लंगोट बदलायला, दूध पाजायला शांत कोपरा मिळतो, आणि झोपेची अर्धी तयारी तिथेच होते. ही तयारी घरच्यासारखीच, त्याच क्रमाने: लंगोट, पाणी किंवा दूध, तेच दुपटं, तेच गाणं. भाच्याचं एक मळकं निळं दुपटं आहे. ते आम्ही सकाळभर बॅगेत तळाशी लपवतो. बाहेर निघालं की झोप, एवढं त्याला कळतं.

पहिली दहा-पंधरा मिनिटं एकसारख्या वेगाने चालत राहा. बोलू नका, फोटो काढू नका. झोप लागली की थांबता येतं, पण अर्ध्या-पाऊण तासाने मूल झोपेतच चुळबुळ करतं तेव्हा पुन्हा चालायला लागा. लहान मुलांच्या झोपेचं एक आवर्तन मोठ्यांपेक्षा छोटं असतं, आणि त्या सांध्यावर झोप उथळ होते. तेवढा सांधा चालत पार केला तर पुढचा पाऊण तास पदरात पडतो. माझा अख्खा मामापणा या सांध्यावर टिकून आहे.

उन्हापासून आडोसा म्हणून स्ट्रोलरवर चादर टाकली जाते, ती टाकू नका. आतली हवा कोंडते आणि तापते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली हे मोजून पाहिलं. कोरड्या कापडाने झाकलेल्या स्ट्रोलरमध्ये तापमान अडीचेक अंशांनी वाढलं, पण ओलसर मलमलीचं कापड आणि एक छोटा पंखा लावला तर ते चार-पाच अंशांनी उतरलं. कापड वाळत आलं की पुन्हा ओलं करायचं. पंखा बॅटरीवरचा, बोटं आत जाणार नाहीत असा. आणि दर थोड्या वेळाने मुलाच्या मानेवर हात ठेवून पाहायचं.

तिसरा मार्ग म्हणजे अर्धा दिवस. उघडल्यावर जा, साडेबाराला बाहेर पडा, परत येऊ नका. लोकांना हे पैसे वाया घालवणं वाटतं. दोन वर्षांच्या मुलाची उत्सुकता तशीही चार तासांत संपते. सलग दोन-तीन दिवस पार्क असेल तर त्यातला एक दिवस असा ठेवाच.

आता माझ्या आवडीचा भाग. मूल झोपलं की मोठ्यांनी मोठ्या राइड्स घ्यायच्या. बऱ्याच मध्यम कोस्टरना किमान उंची 102 सेंटिमीटरच्या आसपास आणि मोठ्या कोस्टरना 122 च्या आसपास लागते, त्यामुळे जागं असूनही मुलाला तिथे जागा नसतेच. उगाच त्याला दारापर्यंत नेऊन नाही म्हणण्यापेक्षा ते झोपेत असताना जाणं बरं. बहुतेक मोठ्या पार्कांत एक सोय असते: एक मोठा माणूस मुलापाशी थांबतो, बाकीचे राइड घेतात, मग पुन्हा अख्खी रांग न लावता अदलाबदल करता येते. डिस्नेत तिला राइडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. रांगेत शिरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगावं लागतं. शिवाय थांबायची खोली राइडला चिकटून आणि गोंगाटाची असेल तर झोपलेल्या मुलाला तिथे नेऊ नका. एकाने त्या शांत रस्त्यावरच थांबायचं.

मोठीचं काय? तीन वर्षांवरचं मूल "मी नाही झोपणार" म्हणतं आणि चारला कोसळतं. तिला झोपायला सांगू नका. तिच्यासाठी बसून बघायचा खेळ किंवा अंधारातली संथ नौका-राइड शोधा, दोनदा फिरवा. आमची भाची ताईच्या मांडीवर बाहुल्यांचा नाच बघता बघता बऱ्याचदा झोपते. नाही झोपली तरी तासभर पाय टेकतात, गारवा मिळतो, संध्याकाळ निभते.

मिरवणूक दुपारी असेल तर सोडून द्या. संध्याकाळची आतषबाजी हवी असेल तर दुपारची झोप उशिरा आणि पूर्ण होऊ द्या, कानावर लहान मुलांचे आवाज रोखणारे मफ चढवा, आणि गर्दीत मधे न बसता बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा. आतषबाजी नको असेल तर मात्र साडेतीननंतर झोपू देऊ नका, नाहीतर रात्री अकराला खोलीत पार्क भरतं.

दूरच्या देशातून गेला असाल तर मुलाच्या अंगातलं घड्याळ अजून घरच्याच वेळेवर असतं. साधारण तासाच्या फरकाला एक दिवस धरा. दोन-तीन तासांचाच फरक असेल आणि मुक्काम छोटा, तर घड्याळ बदलायच्या फंदात पडू नका. मूल पहाटे उठत असेल तर पहाटेच निघा, झोपही तेवढी लवकर.

पार्क सोडण्याआधी तिथल्याच स्वच्छतागृहात तोंड धुवा, दात घासा, रात्रीचे कपडे चढवा. परतीच्या गाडीत दोघंही झोपणार, मग खोलीवर फक्त उचलून ठेवायचं उरतं. दुसऱ्या दिवशी गजर लावू नका. मुलं उठतील तेव्हा उठू द्या आणि तिथपासून पाच तास मोजा. दाजींना हे पटत नाही, त्यांना गेट उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं असतं. त्यांना आम्ही एकट्याला पुढे पाठवतो आणि जागा हेरायचं काम देतो: सावली, सपाट रस्ता, लाउडस्पीकर नको.