जोडीने भंडारदऱ्याला निघताय? या चुका टाळा

शनिवारी सकाळी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातल्या पार्किंगमध्ये थोडा वेळ उभं राहिलं, की संध्याकाळपर्यंत कुठल्या जोडीचा अबोला होणार ते साधारण कळतं. एकाच्या पाठीवर भलीमोठी सॅक, दुसऱ्याच्या हातात फक्त मोबाइल. एकाच्या पायात ट्रेकिंगचे बूट, दुसऱ्याच्या पायात पांढरे शुभ्र स्नीकर्स. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थेट गाडी काढलेली, त्यामुळे डोळ्यांत झोप दोघांच्याही. ‘आता कळसूबाई, दुपारी सांदण दरी, संध्याकाळी कयाकिंग आणि रात्री तलावाकाठी टेंट,’ असा बेत उत्साहाने ऐकवतात. पार्किंगमध्ये दिलेला सल्ला कुणी घेत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. घरी बसून वाचाल तर उपयोग होईल.

भंडारदरा पहिल्या ‘आउटडोअर’ वीकेंडसाठी लोकप्रिय आहे ते उगीच नाही. डोंगर, धरण, दरी, किल्ला सगळं जवळजवळ, आणि मुंबई-पुण्याहून चार-पाच तासांचा रस्ता. नकाशावर सगळं हाताशी दिसतं, आणि तिथूनच गडबड सुरू होते.

दोघांत एकच सॅक

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. दोघंच तर आहोत, दोन ओझी कशाला, असा हिशेब असतो. मग ज्याला जिमची सवय आहे तो सगळं उचलतो. पाणी, खाऊ, टॉर्च, जर्किन, औषधं, गाडीची किल्ली, सगळं त्याच्या पाठीवर. दुसरं माणूस मोकळं. दिसायला फार प्रेमळ दिसतं. पण दोन माणसं एका चालीने डोंगर चढत नाहीत आणि दोघांत अंतर पडलं की मागच्याकडे काहीच उरत नाही.

नोव्हेंबरातली गोष्ट. आमचा ग्रुप कळसूबाईवरून उतरून बारीत आला, तर एका घराच्या ओट्यावर एक मुलगी शाल गुंडाळून बसलेली. शाल त्या घरातल्या आजींची. नवरा-बायको पहाटे अंधारात निघाले होते. सूर्योदय शिखरावरूनच बघायचा, हा नवऱ्याचा हट्ट. एका शिडीच्या वर तिला दम लागला. ‘तू ये सावकाश, मी वर थांबतो,’ म्हणून हा पुढे गेला. दोघांचं पाणी त्याच्याकडे, दोघांत मिळून असलेली एकुलती एक टॉर्चही त्याच्याकडेच. ती मोबाइलच्या उजेडात चालत राहिली, तेवढ्यात धुकं उतरलं आणि मोबाइलची बॅटरी गेली. तहान लागलेली, घाम थंड पडून हुडहुडी भरलेली. उजाडल्यावर ती सरळ खाली निघाली, आणि बरोबर केलं.

नवरा वर देवळापाशी वाट बघत बसला. मग शोधत निघाला. वाटेत दिसेल त्याला विचारत होता, ‘लाल जर्किन घातलेली मुलगी दिसली का?’ आम्हालाही विचारलं. आम्ही नाही म्हणालो, कारण खरंच दिसली नव्हती. लाल जर्किन त्याच्याच सॅकमध्ये होतं.

तो खाली पोहोचला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आजींनी त्याच्या हातात चहा ठेवला आणि म्हणाल्या, ‘आधी तिच्याशी बोल, मग पी.’ पुढचं आम्ही ऐकत थांबलो नाही.

आमच्याकडे यावर एकच नियम आहे, ज्याचं पाणी त्याच्या पाठीवर. माणशी किमान दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. स्वतःची टॉर्च, शिट्टी, एक गरम कपडा, थोडं खाणं, थोडी रोख रक्कम. गाडीची दुसरी किल्ली घरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, दुसऱ्याच्या सॅकमध्ये ठेवा. चालताना हळू चालणारा पुढे आणि वेगवान मागे. वेगवान माणसाला याचा फार त्रास होतो. होऊ दे. आणि चुकामूक झाली तर भेटायचं कुठे, हे चढायच्या आधी ठरवा. मी सांगतो ते असं: शेवटचे एकत्र होतो त्या जागी अर्धा तास थांबायचं, नाहीच भेट झाली तर गावात यायचं. शोधत वर जायचं नाही.

दोन दिवसांत सगळं उरकणं

१६४६ मीटर हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर म्हणून फोटोखाली लिहायलाही बरा. पण त्यातले आठ-नऊशे मीटर आपल्याच पायांनी चढायचे आहेत आणि तेवढेच उतरायचे आहेत, हा विचार कमी जणांच्या मनात येतो. नवख्या माणसाचे यात सहा-सात तास सहज जातात. पावसाळ्यातल्या रविवारी तर शिड्यांपाशी रांग लागते, तिथला वेळ वेगळाच. त्यानंतर दुपारी सांदणच्या दगडांवरून उड्या मारायला गुडघे शिल्लक कुठून राहणार?

दोन दिवसांत एकच मोठी गोष्ट करा. कळसूबाई करणार असाल तर दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर निवांत बघा, धरणाच्या भिंतीकडे फेरफटका मारा, झोपा. रतनगड किल्ला पुढच्या वेळी. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ या वाक्याने जितके पाय मुरगळले आहेत तितके निसरड्या वाटेने मुरगळले नसतील.

सरप्राइज

डोंगरात सरप्राइज देऊ नका. ‘रिसॉर्टला जातोय’ सांगून पहाटे चारला बूट पुढे ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यातल्या एकीने तिथल्या तिथे चुडीदार आणि कोल्हापुरी चपलेवर निम्मा डोंगर चढून दाखवला आणि मग खाली बसून तिथूनच परत फिरली. मान्य केलं पाहिजे, बाणेदार बाई होती.

बूट

बुटांवर लोक दोन टोकांच्या चुका करतात. काही जण आदल्या दिवशी नवे कोरे बूट आणतात आणि दुसऱ्या दिवशी टाचांना फोड घेऊन बसतात. काही जण माळ्यावरचे जुने बूट काढतात. हे दुसरं प्रकरण जास्त वाईट आहे, कारण ते बूट दिसायला एकदम ठणठणीत असतात. बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. दमट हवेत तो वर्षानुवर्षं आतल्या आत मोडत राहतो, बूट वापरात नसले तरी. मग डोंगरावर अर्ध्या तासात सोल भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो.

एका गृहस्थांचा उजवा सोल उतरताना गेला. डावा पुढच्या वळणावर. दोन्ही तळवे बायकोच्या ओढणीच्या पट्ट्या फाडून बांधले आणि ते कसेबसे बारीपर्यंत आले. ती ओढणी सासूबाईंनी दिवाळीला दिलेली होती, हे आम्हाला सगळ्या वाटेने ऐकायला मिळालं. शिवाय ‘किती महागाचे बूट होते’ हे त्यांचं पालुपद चालूच. महागाचे होते, पण कॉलेजमध्ये असताना घेतलेले आणि आता डोक्यावर टक्कल पडलं होतं.

निघायच्या आठवडाभर आधी बूट काढा. पुढून वाकवून बघा, टाचेचा मऊ थर अंगठ्याने दाबून बघा. भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा भुगा पडला तर टाकून द्या, चांभाराकडे नेऊन चिकटवून आणू नका. नवे असतील तर ऑफिसला घालून जा, लोक हसले तरी. पायाची नखं दोन-तीन दिवस आधी कापा. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आपटत राहतो, त्यानेच नखं काळी पडतात. उतरायला लागण्याआधी घोट्यापाशी नाडी पुन्हा आवळून बांधली की हा त्रास बराच कमी होतो. फोड येण्याआधी ती जागा चुरचुरायला लागते. तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावायची, ‘वर गेल्यावर बघू’ म्हणायचं नाही. मी पाण्याच्या बाटलीलाच कापडी चिकटपट्टीचे चार-पाच वेढे मारून ठेवतो. फोड, सुटलेला सोल, फाटलेली सॅक, सगळ्याला तीच.

जीन्सबद्दल काही लिहीत नाही. भिजलेली जीन्स घालून एकदा चालून बघा.

सांदण उतरलात, पण गाडी?

सांदणचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि नवखे त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे साम्रद गावातून घळीत उतरायचं, डोहाचं पाणी पार करत, मोठमोठ्या शिळांवरून जिथपर्यंत दोराशिवाय जाता येतं तिथपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यायचं. जोडीने पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे पुरेसं आहे. दुसरा म्हणजे दोर लावून कडे उतरत पूर्ण घळ पार करायची. तो कोकणात, डेहणे गावाच्या बाजूला बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही शहापूर तालुक्यात आणि तुमची गाडी घाटमाथ्यावर साम्रदला!

आता परत जायचे रस्ते दोनच. करोली घाटाच्या पायवाटेने पुन्हा चढा, किंवा जीप ठरवून शहापूर, कसारा, इगतपुरी, घोटी असा सगळा वळसा घाला. डेहण्यात रात्री जीपवाल्याशी हुज्जत घालणारं एक जोडपं भेटलं होतं. दर ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला होता आणि बायको शांतपणे म्हणत होती, ‘मी विचारलं होतं तुला, परत कसं यायचं म्हणून.’ तिने खरंच विचारलं असणार. पूर्ण घळ करायची तर जाणत्या ग्रुपबरोबर जा आणि पैसे भरण्याआधी परतीचं वाहन कोण देणार हे विचारा.

पावसाळ्यात सांदणमध्ये पाय ठेवायचा नाही. अवकाळी पावसाचे ढग दिसले तरी नाही. घळ इतकी अरुंद आहे की वरून लोंढा आला तर बाजूला सरायला जागा नसते. गावकरी नको म्हणाले की विषय संपला. ‘आम्ही थोडंच आत जाऊ’ म्हणून त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांना कुठल्या शब्दांत समजवावं ते मला अजून सापडलेलं नाही.

तंबू गळतो हो!

दर हिवाळ्यात ऐकू येणारी तक्रार. पाऊस नाही, तरी सकाळी आत पाणी टपकतं, पांघरुणं ओली. तंबू गळत नसतो. थंडी वाजते म्हणून दोघं सगळ्या चेन घट्ट लावून झोपतात. रात्रभराच्या श्वासातली वाफ गार कापडावर पाणी होऊन जमते. वरची झडप उघडी ठेवा, दाराची चेन वरून वीतभर मोकळी सोडा, ओले कपडे आत ठेवू नका. थंडी हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येते, तेव्हा अंगाखाली जाड मॅट हवी. अंगावर तिसरं पांघरूण घेऊन काही होत नाही. तंबू पाण्याच्या अगदी काठाला लावू नका, तिथे दव आणि वारा दोन्ही जास्त. फोटोसाठी सकाळी चालत जा.

आणि एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. ऊब हवी म्हणून पेटलेली शेगडी, निखारे किंवा गॅस तंबूत कधीही न्यायचा नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

उरलेल्या, पटापट

अत्तर, डिओ फवारून किल्ल्यावर जाऊ नका, कड्याखाली धूर करू नका. आग्या मोहोळ उठलं तर हातवारे करत बसू नका, तोंड-मान झाकून लांब निघा.

काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. गाडीचे दिवे आणि फ्लॅश बंद. अभयारण्यात रात्री कधी आणि कुठे जाऊ देतात, ते वनखात्याकडून आधी विचारून घ्या.

जानेवारीत धरणाचा अंब्रेला फॉल हा धबधबा बघायला येऊन हिरमुसू नका. तो धरणातून पाणी सोडलं तरच असतो.

दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे, पुढचा वल्हवेल त्या तालावर मागच्याने वल्हवायचं. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. लाइफ जॅकेटचे सगळे बंद लावा आणि खांद्याला धरून वर ओढायला सांगा, हनुवटीवर आलं तर ते ढिलं आहे. धरणात पोहायचं नाही.

बेत बदलून कोलाडला राफ्टिंगला निघालात तर उशिरा उठून चालत नाही. तिथल्या कुंडलिका नदीला पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं, आणि राफ्ट त्याच पाण्यावर सकाळी निघतात. पाणी ओसरलं की नुसते गोटे.

कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी एकाला तरी सांगून ठेवा. अडकलात तर ११२. फोन लागेल तेव्हा जागेचं नाव सांगता आलं पाहिजे, ‘डोंगरावर आहे’ याने कुणाला काही कळत नाही.

रविवारची परत

कळसूबाई उतरून आलेल्या मांड्या थरथरत असतात. त्याच पायाने क्लच दाबत, दोन रात्रींची झोप राहिलेली असताना, रविवारी संध्याकाळच्या गर्दीत कसारा घाट उतरायचा हा बेत मला डोंगरापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. दोघांना गाडी येत असेल तर घोटीला चहा घ्या आणि तिथे चालक बदला. एकालाच येत असेल तर जेवून लगेच निघू नका, तासभर पडा, आणि उजेडात घाट उतरून होईल अशा बेताने निघा. ते जमत नसेल तर रात्री धरणाजवळच्या शेंडी गावात थांबा आणि सोमवारी पहाटे निघा. ऑफिसला उशीर होईल, तर होऊ दे.