नोकरी सांभाळून तबला: या चुका टाळा

"तबल्यावर जीव आहे, पण नोकरीमुळे जमून नाही राहिलं," असं सांगणारं कोणी ना कोणी मला नागपुरात नेहमी भेटतं. मी पंचवीस वर्षं ऑफिस करून वाजवतो आहे. माझ्या अनुभवात वेळ नाही म्हणून तबला क्वचितच सुटतो. तो सुटतो काही ठरलेल्या चुकांनी.

रविवारी भरून काढू

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. सहा दिवस खोळ काढायची नाही आणि रविवारी सलग तीन तास बसायचं. सोमवारी मनगट दुखतं, माउस धरवत नाही, आणि मग पुढचा आठवडाही कोरडा जातो. मी दोन वर्षं हेच केलं आणि त्या दोन वर्षांत एक कायदाही (ठरलेल्या बोलांची, विस्तार करत वाजवायची रचना) धड बसला नाही.

आता रोज सकाळी आंघोळीआधी २५ मिनिटं, आणि एकच कायदा. 'धा धा तिट धा धा तिना' आधी बराबरीत म्हणजे मूळ लयीत, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत. संध्याकाळी थकून आल्यावर लय वाढवायची नाही. थकलेल्या हाताने द्रुत वाजवलं की 'तिट'मधला 'ट' गळतो, आणि एकदा बिघडलेला निकास (बोल काढायची हाताची पद्धत) दुरुस्त करायला महिने जातात. त्या दिवशी ठाय म्हणजे संथ लयीतच राहा.

एखादा दिवस हात लावणंच झालं नाही तर पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा. खापरीहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत बसायला मिळालं की मी मांडीवर तीनतालाच्या १६ मात्रा धरतो आणि मनातल्या मनात तिहाई (तीनदा येणारा बोलांचा तुकडा) म्हणतो. ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नीट आली की घरी हाताला फार सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यात हातोडी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. कोरड्या हवेत पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) ताणली जाते आणि सूर चढतो. कूलर लावला की खोलीत ओल भरते, पुडी सैलावते आणि सूर उतरतो. एकाच संध्याकाळी दोन्ही होतं. नवीन माणूस घाबरून हातोडी घेतो, गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकतो, आणि काही दिवसांत पुडी जाते. एका कार्यक्रमाच्या तासभर आधी माझी पुडी अशीच फाटली होती. त्या वेळी पोटात पडलेला खड्डा अजून आठवतो.

उपाय साधा आहे. तबला कूलरच्या झोतात ठेवू नका. ज्या खोलीत वाजवायचं, तिथे अर्धा तास आधी उघडा करून ठेवा. त्या हवेत तो स्थिरावला की मगच सुरात लावा, तेही गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर) हलक्या हाताने. थोड्या फरकासाठी गट्ट्यांना हात नको.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर वाजवायची वेळ शेजारच्या काकूंना विचारूनच ठरवा. रात्री डग्ग्यावर टॉवेल टाका.

ऑफिसपासून लपवणं

केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम १५ वाचा. कामावर परिणाम होत नसेल तर प्रासंगिक स्वरूपाचं कलाविषयक काम पूर्वपरवानगीशिवाय करता येतं. मानधन घ्यायचं असेल तर मात्र मंजुरी लागते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण उगाच भीत राहतात. साहेबांना सांगून ठेवलं, तर ३१ मार्चच्या आसपासचे कार्यक्रम घेऊ नयेत, एवढंही आधीच ठरवता येतं.

निवृत्तीनंतर पाहू

सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे, ते गायक वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे वीसहून अधिक वर्षं लष्करी लेखा खात्यात नोकरी करत ते गात राहिले. त्यांच्यासारखा गळा आपल्याला नाही, पण नोकरीच्या काळात गाणं थांबवलं नाही, ही त्यांची गोष्ट आपल्यालाही घेता येते.

फक्त लेहऱ्याच्या अ‍ॅपबरोबर वाजवणं

लेहरा म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून. तिचं अ‍ॅप लयीत पक्कं असतं, पण ते श्वास घेत नाही. गाणारा समेआधी थोडा रेंगाळतो, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) मागे ओढतो, आणि ते ऐकत ठेका (तालाचे मूळ बोल) धरायला शिकायचं तर समोर माणूसच लागतो. गाणारा ओळखीतला, तुमच्यासारखाच नोकरी करणारा असला तरी चालतो. माझ्याकडे दर गुरुवारी साडेसातला प्रतापनगरहून एक शाळामास्तर येतात. गेल्या गुरुवारी विलंबित एकतालात चाळीस मिनिटं मी नुसता ठेका दिला, एकही तुकडा वाजवला नाही. निघताना ते म्हणाले, "आज गाता आलं बुवा."