स्ट्राइड पियानो शिकायचाय? आधी डावा हात आणि जेम्स पी. जॉन्सन

हार्मोनियमवरून पियानोकडे आलेल्यांचा डावा हात कच्चाच असतो, इतकी वर्षं भाता मारण्यात गेलेली, त्यामुळे स्ट्राइड ही जाझ पियानोची शैली ऐकली की पहिला प्रश्न हाच पडतो की हे एकटा माणूस वाजवतोय? हो, एकटाच, ठेका धरणारा आणि गाणारा दोघं एकाच माणसात.

या शैलीतला अमेरिकन पियानोवादक जेम्स पी. जॉन्सन, त्याचं १९२१ चं 'कॅरोलायना शाउट' लावा आणि उजव्या हाताकडे लक्षच देऊ नका (अवघड जातं, माहितीये). चार मात्रा मोजा. पहिल्या-तिसऱ्याला खाली खर्जात एक सूर, दुसऱ्या-चौथ्याला मधल्या सीच्या आसपास कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकदम. हात सतत ढांगा टाकतोय, इंग्रजीत स्ट्राइड म्हणजे ढांग, नाव त्यावरूनच पडलंय.

आता स्वतः करा. मेट्रोनोम ६० वर, खालचा सी, सी मेजर कॉर्ड, खालचा जी, परत तीच कॉर्ड. मनगट सैल ठेवा, आणि दाबायच्या आधी बोट पट्टीवर पोचलेलं पाहिजे. आठवडाभर एवढंच, मग हाताकडे न बघता. कंटाळा येईल पण खरंच सोडू नका, जाझमधला मोठा माणूस ड्यूक एलिंग्टनसुद्धा तरुणपणी हीच रचना पियानो रोलचा (पियानो आपोआप वाजवणाऱ्या भोकांच्या कागदी गुंडाळीचा) वेग कमी करून, आपोआप दबणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून शिकला होता. तुम्ही यूट्यूबवर स्पीड अर्धा करा, झालं.

हात बसला की खरी मजा. जॉन्सन मध्येच खर्ज-खर्ज-कॉर्ड असं करतो, आठ मात्रा ३-३-२ अशा फोडतो आणि क्षणभर समच हरवल्यासारखी वाटते. हे त्याला कुठल्या क्लासमध्ये मिळालं नाही, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या जंगल्स कसिनो या नाचाच्या अड्ड्यावर साउथ कॅरोलायनाकडून आलेले लोक रात्र रात्र नाचायचे आणि हा त्यांच्यासाठी वाजवायचा, त्यांच्या पावलांतून आलंय ते. म्हणून सराव करताना तुमचा पाय थांबता कामा नये.

नामांकित जाझ पियानोवादक फॅट्स वॉलर जॉन्सनचा शिष्य, १९२३ साली जग ज्यावर नाचलं ते 'चार्ल्स्टन' जॉन्सनचंच, आणि १९५५ मध्ये जॉन्सन गेल्यावर २००९ पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता, मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

पुढचा धडा, ब्लूज गायिका बेसी स्मिथचं १९२७ चं पुरावरचं गाणं 'बॅकवॉटर ब्लूज'. पियानोवर जॉन्सनच आहे. इथे ढांगा सोडून डावा हात पुराच्या पाण्यासारखा खालून घुमत येतो, आणि तरी बेसीच्या एकाही शब्दावर चढत नाही.