ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुतले असं नाही: वॉर्डातल्या या चुका टाळा

राउंडला गेले की मी आधी ड्रेसिंग ट्रॉली बघते. तिथे हमखास ५०० मिलीची एनएसची (नॉर्मल सलाईनची) बाटली असते आणि तिच्या बुचात सकाळपासून एक सुई खुपसून ठेवलेली. इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली बारीक नळी) फ्लश करायचं, म्हणजे सलाईन सोडून मोकळं करायचं असलं की जो तो येतो, सिरिंज लावतो, ५ मिली ओढतो. सोयीचं आहे, कबूल. पण ती सुई म्हणजे बाटलीचं उघडं तोंड. आत जंतू शिरले तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या वॉर्डाच्या शिरेत तेच पाणी. फ्लशसाठी १० मिलीचे अँप्युल मिळतात. एका पेशंटला एक, उरलेलं टाकून द्या. मल्टिडोस व्हायलला (एकाच बाटलीतून अनेकदा औषध काढतात ती) दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज लागते, नुसती सुई बदलून भागत नाही.

दुसरी खोड ग्लोव्ह्जची. चार नंबरच्या बेडवरच्या पेशंटचं सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), मग फाइल, मग फोन, आणि त्याच ग्लोव्ह्जने पाच नंबरची सलाईन. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, ग्लोव्ह्ज आहेत की!" ते तुमच्यासाठी आहेत हो, पाच नंबरला त्यांचा काय उपयोग? पेशंट बदलला की ग्लोव्ह्ज बदला, आणि काढल्यावर हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) २० ते ३० सेकंद. अंगठा आणि बोटांची टोकं नेमकी राहून जातात. हात मळलेले दिसत असतील किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबाचा पेशंट असेल, तर साबण-पाणीच. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

इंट्राकॅथ लावताना स्पिरिट सुकू द्या, फुंकर मारू नका. पुसलेल्या जागी शीर पुन्हा बोटाने चाचपली, तर पुन्हा पुसा.

हायपो (जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइट) वॉर्डातले मामा अंदाजाने ओततात, कारण प्रमाण कुणी सांगितलेलंच नसतं. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर २०० मिलीत ८०० मिली पाणी, म्हणजे १ टक्का. रोज ताजं बनवा, झाकून ठेवा. टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सुईला टोपण परत लावू नका. टोचलीच तर बोट पिळत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीसाठीची पीईपी (संसर्ग टाळायला घ्यायची औषधं) शक्यतो २ तासांत सुरू व्हावी. ७२ तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. इन्चार्ज ओरडतील म्हणून ड्युटी संपेपर्यंत गप्प राहिलेल्या मुली मी पाहिल्यात. इन्चार्जबाईंनो, हे तुमच्यासाठीही आहे.