घरी वॅक्स करताय? आधी एवढं वाचा

केस साधारण ५-६ मिमी वाढलेले हवेत, त्याहून बारीक असतील तर वॅक्सला पकडच मिळत नाही आणि केस मधूनच तुटतात. रेटिनॉल क्रीम (सुरकुत्या-मुरुमांसाठीचं, अ जीवनसत्त्वापासून बनलेलं) लावत असाल तर ४-५ दिवस आधीच बंद करा, नाहीतर केसांबरोबर कातडीही सोलवटते, हे मी पोटतिडकीने सांगतेय. वॅक्स आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, चटका बसला तर थांबा. लावायचं केसांच्या दिशेने, पातळ, आणि ओढायचं उलट्या दिशेने, पण पट्टी वर उचलून नाही हं, कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची आणि त्वचेला लागूनच झटक्यात खेचायची. नंतर २४ तास गरम पाणी, ऊन, परफ्यूम नको, साधं कोरफड जेल पुरे.