पिकअपचे व्हील अलाइनमेंट कसे सांभाळावे

घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे आणि वाशीच्या बाजार समितीपर्यंतच्या भरलेल्या खेपा यांमुळे पिकअपच्या पुढच्या चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे ठरलेले कोन आणि दिशा, हळूहळू बिघडत जाते, आणि टायर एका कडेने झिजेपर्यंत ते अनेकदा लक्षातच येत नाही. म्हणून गाडी थंड असताना पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर बहुधा टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, बिघडलेला असतो.

सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी दोन्ही टायरमधील हवा मोजावी, कारण कमी हवेमुळेही हेच लक्षण दिसते. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर प्रथम बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, तपासावे.

अलाइनमेंट करण्यापूर्वी पुढचे चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, ते डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहावे. टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा सांधा), बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) किंवा बेअरिंग ढिले असेल, तर ते आधी बदलावे, अन्यथा केलेले माप टिकत नाही आणि पैसे वाया जातात. ही पायरी कधीही गाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अखंड अॅक्सल असलेल्या पिकअपमध्ये मागच्या चाकांना सहसा समायोजन नसते. तरीही पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट आहेत का, हे पाहावे. माप घेताना गाडीतील भार कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच असावा. साधारण 5,000 ते 10,000 किलोमीटरनंतर, तसेच मोठा धक्का बसल्यावर तपासणी करावी आणि आधीच्या व नंतरच्या मापांची छापील प्रत मागून घ्यावी.